शांतता समिती म्हणजे तह नव्हे

तह म्हटला की त्याला कलमं असतात. पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले द्यायचे आणि १२ स्वतःकडे ठेवायचे, हे आकड्यांत ठरलं होतं. १९३२ साली येरवड्यात पुणे करार झाला, तेव्हा बाबासाहेबांनी गोड शब्दांवर भागवलं नाही. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा, हे त्यांनी लिहून घेतलं. सुलह-ए-हुदैबियाची गोष्ट आपल्या घरांत लहान मुलांनाही माहीत असते. तिथेही लढाई किती वर्षं थांबवायची, कोणाला परत पाठवायचं, मक्केला कधी जायचं, हे सगळं लेखी होतं. अटी काहींना आवडल्या नाहीत, पण अटी होत्या.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ नंतर मुंबईला काय मिळालं? शांतता समिती. तिला कलमं नाहीत, मुदत नाही, कोणी काय द्यायचं आणि कोणाला काय मिळायचं याचा हिशेब नाही. ईद, गणपती, मोहरम, रामनवमी किंवा ६ डिसेंबर जवळ आला की पोलीस ठाण्यातून फोन येतो. चार दाढीवाले आणि चार टिळेवाले एका टेबलाभोवती बसतात. चहा होतो, भाईचाऱ्यावर भाषण होतं, फोटो निघतो. तीस वर्षांहून अधिक काळ आपण या फोटोलाच तह समजत आलो आहोत. ही समजूत आता मोडली पाहिजे.

एक हरकत लगेच येईल, म्हणून आधीच सांगते. मुंबईत यादवी युद्ध झालं नव्हतं, समोरासमोर दोन फौजा नव्हत्या, मग तह कोणाचा कोणाशी? मान्य. मुंबई म्हणजे बेरूत नव्हे. पण हिंसा थांबल्यावर उरणारे प्रश्न दोन्हीकडे तेच असतात. कोणी काय केलं, हे सरकार कबूल करणार का? दोषींना शिक्षा होणार का? ज्यांचं गेलं त्यांना परत काय मिळणार? बंदूक ज्या हातात असते त्या खात्यात आमची मुलं असणार का? आणि ज्या टेबलावर निर्णय होतात तिथे आम्हाला खुर्ची मिळणार का? जगातला प्रत्येक गंभीर शांतता करार या पाच प्रश्नांची उत्तरं देतो, चांगली किंवा वाईट. मुंबईत हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत असं नाही. विचारले गेले, आणि उत्तर फाईलीत ठेवलं गेलं.

हिशेब काय सांगतो

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोग २५ जानेवारी १९९३ रोजी नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषयही त्यात घातला. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळापुढे आला. त्यात आकडे स्पष्ट आहेत. एकूण ९०० मृत्यू. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ इतर. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण सुरा नव्हता आणि आगही नव्हती. पोलिसांच्या गोळीबारात ३५६ माणसं मेली. आयोगाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने निष्कर्षच नाकारले. पुढे सरकारं बदलली. अहवाल लागू करू असं निवडणुकीत सांगणारेही सत्तेवर येऊन गेले. अहवाल जागचा हलला नाही.

आता दुसरी बाजू. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, सगळ्या धर्मांची. तो खटला टाडा न्यायालयात चालला, २००६-०७ मध्ये १०० आरोपी दोषी ठरले, आणि ३० जुलै २०१५ रोजी एकाला फाशीही झाली. निरपराधांना मारणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. प्रश्न इतकाच की त्याच शहरात, त्याच तीन-चार महिन्यांत मेलेल्या ९०० जणांसाठी न्यायाचं हे यंत्र का चाललं नाही? दंगलीच्या प्रकरणांत एका मोठ्या नेत्याला, माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना, २००८ मध्ये शिक्षा झाली. प्रक्षोभक भाषणाबद्दल एक वर्ष, आणि जामीन.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे, असं समजणाऱ्यांनी जोगेश्वरी पूर्वेला जावं. गांधीनगरच्या राधाबाई चाळीत ८ जानेवारी १९९३ च्या रात्री हिंदू माणसं घरात कोंडून जाळली गेली. सहा जण मेले. टाडा न्यायालयाने १९९६ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. मग आग लावली कोणी? त्या कुटुंबांना आजही उत्तर मिळालेलं नाही. ज्या राज्याने हरी मशिदीजवळच्या गोळीबाराचं उत्तर दिलं नाही, त्यानेच राधाबाई चाळीचंही दिलं नाही. तपास ढिसाळ झाला की त्याचा फटका कोणत्याही धर्माच्या घराला बसतो.

आणि बेपत्ता माणसं? २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. कायदा आणि सुव्यवस्था राखण्यात आणि लोकांच्या हक्कांचं रक्षण करण्यात राज्य सरकार कमी पडलं, असं न्यायालयाने म्हटलं. १६८ जण बेपत्ता होते. त्यांतल्या ६० जणांच्या घरच्यांनाच भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ कुटुंबांना शोधून व्याजासह पैसे द्या, सुप्त फाईलींत गेलेले ९७ खटले बाहेर काढा, पोलीस सुधारणांबद्दलच्या ज्या शिफारशी सरकारने स्वीकारल्या त्या अमलात आणा, असे आदेश झाले. भरपाईची रक्कम होती दोन लाख. त्यासाठी जवळजवळ तीस वर्षं.

याच महाराष्ट्रात गडचिरोलीत नक्षलवाद्यांसाठी २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे. शस्त्र खाली ठेवणाऱ्याला पैसे, घर, पुनर्वसन मिळतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा मोठा नेता साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. या योजनेला माझा विरोध नाही, रक्तपात थांबत असेल तर थांबावा. पण ज्यांनी कधी शस्त्र हातात घेतलंच नाही, त्या विधवांना शोधायला सरकारला न्यायालयाचा आदेश लागावा, हे कोणत्या तराजूत बसतं?

समितीचं मूळ आणि समितीचं आजचं रूप

मोहल्ला समितीची कल्पना मुळात वाईट नव्हती. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर ती रुजवली. गल्लीपातळीवर दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांबरोबर नियमित बसू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. मुंबईत १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्या लोकांनी मोहल्ला कमिटी चळवळ उभी केली. वस्त्यांत फिरून, तुटलेली बोलाचाली पुन्हा जोडून त्यांनी जे काम केलं त्याला सलाम केला पाहिजे.

पण भिवंडीत समिती दंगलीच्या आधी उभी होती. ती पोलिसांना वस्ती समजावून सांगण्यासाठी होती. आज आपल्याकडे जी समिती उरली आहे ती वस्तीला पोलिसांचा आदेश समजावून सांगण्यासाठी असते. लाऊडस्पीकर कमी ठेवा, जुलूसचा मार्ग बदला, पोरांना आवरा. ६ डिसेंबर आला की वस्तीतल्या पोरांच्या हातात पोलिसांची नोटीस पडते आणि त्याच आठवड्यात त्यांच्या वडिलांच्या वयाच्या माणसाला समितीच्या बैठकीत गुलाबाचं फूल मिळतं. एका हाताने संशय, दुसऱ्या हाताने फूल.

मी उपनगरातल्या अशा एका बैठकीला पालकांच्या आग्रहाने गेले होते. चाळीसेक माणसांत आम्ही बायका तीन. मी विचारलं, गेल्या वर्षीच्या बैठकीत वस्तीत पोलीस चौकी देऊ असं ठरलं होतं, त्याचं काय झालं? समोरच्या अधिकाऱ्याने उत्तर देण्याआधी आमच्याच समाजातले एक बुजुर्ग उठले आणि म्हणाले, "मॅडम, हे व्यासपीठ तक्रारींचं नाही, अमनचं आहे." टाळ्या पडल्या. तक्रार सांगायचीच नसेल तर बैठक कशाला? तक्रार बोलून दाखवता यावी, म्हणून तर माणसं दगड खाली ठेवतात.

हे बुजुर्ग कोण असतात, तेही बोललं पाहिजे. त्यांना आपण निवडून दिलेलं नसतं. कोणी बिल्डर, कोणी केबलवाला, कोणी ट्रस्टचा पदाधिकारी, कोणी दोनदा पडलेला उमेदवार. पोलीस ठाण्यात ओळख राहावी, परवानगी लवकर मिळावी, साहेबांसोबतचा फोटो फ्लेक्सवर लावता यावा, यासाठी ते तिथे असतात. कौमच्या नावाने खुर्ची त्यांना मिळते, कौमला मिळत नाही. सत्तेतला वाटा म्हणून आपल्या हातात एवढंच पडलं आहे आणि आपण तेही मिरवतो.

खरे करार काय करतात

लांब कशाला, आपल्याच देशात बघा. मिझोराममध्ये १९६६ मध्ये बंड झालं, ऐझॉलवर हवाई दलाने बॉम्ब टाकले. वीस वर्षांनी, ३० जून १९८६ रोजी करार झाला. त्यानंतर काँग्रेसचे मुख्यमंत्री लाल थनहावला खुर्चीवरून खाली उतरून उपमुख्यमंत्री झाले आणि कालचे बंडखोर लालडेंगा मुख्यमंत्री. १९८७ मध्ये मिझोराम राज्य झालं, राज्यघटनेत ३७१-जी कलम आलं. त्या करारातही उणिवा आहेत, १९६६ च्या बॉम्बवर्षावाचा हिशेब त्यातही झाला नाही. पण दिल्लीने दिलेली गोष्ट खरीखुरी होती. ती मोजता येत होती.

उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसं मेली. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर तिथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही बाजूंच्या पक्षांनी मिळून सरकार चालवायचं ठरलं. ते सरकार अनेकदा कोसळलं, वर्षानुवर्षं बंद राहिलं. टिकलं ते दुसरंच काम, पोलीस खात्याचं. तिथल्या पोलिसांत कॅथलिक जेमतेम ८ टक्के होते. ख्रिस पॅटन आयोगाने १९९९ मध्ये सांगितलं, नाव बदला, बिल्ला बदला आणि दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांतून करा. २००१ ते २०११ तसं झालं आणि प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेलं. दारावर येणाऱ्या शिपायांत आपल्या गल्लीतलाही कोणी असू शकतो, असं वाटायला लागलं की दगड उचलायचं कारण कमी होतं.

पण लेबनॉन नको

इथे आपल्यातले काही उत्साही मित्र म्हणतील, बरोबर आहे, मग लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. त्यांचा राग मला समजतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के, मुंबई उपनगर जिल्ह्यात एकोणीस टक्के. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी मुस्लिम आमदार १०. लोकसभेला महाविकास आघाडीने महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही, आणि मतं मात्र रांगेने घेतली. सेक्युलर पक्षांचा हा हिशेबही एकदा तोंडावर सांगितला पाहिजे: भीती दाखवून मिळालेलं मत म्हणजे भागीदारी नव्हे.

तरीही धर्माच्या डब्यात सत्ता वाटणं हा उपाय नव्हे. लेबनॉनने ते केलं. १९८९ च्या ताइफ कराराने संसदेच्या जागा ख्रिश्चन आणि मुसलमानांत निम्म्या-निम्म्या केल्या, १९९१ मध्ये युद्धातल्या गुन्ह्यांना माफी दिली, आणि कालचे टोळीप्रमुख आजचे मंत्री झाले. हजारो बेपत्तांच्या आया फोटो घेऊन बसल्या त्या बसल्याच. बोस्नियात १९९५ च्या डेटन कराराने राष्ट्राध्यक्षपद बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट अशा तिघांत वाटलं. मग तिथल्या ज्यू आणि रोमा माणसाने उभं कुठे राहायचं? युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये ही व्यवस्था भेदभावाची ठरवली. डबे तयार झाले की डब्याबाहेरचा माणूस नागरिकच उरत नाही, आणि डब्याच्या आत दादागिरी त्याच चार बुजुर्गांची चालते.

आपण हे करून पाहिलं आहे. १९१६ च्या लखनौ करारात लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेऊन मुसलमानांना वेगळे मतदारसंघ मान्य केले. मुंबई प्रांतात एक तृतीयांश जागा ठरल्या. टिळकांचा हेतू एकजुटीचा होता, पण वेगळ्या मतपेटीने वेगळं राजकारणच वाढवलं. १९४९ मध्ये संविधान सभेने अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा सोडून दिल्या. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण त्या निर्णयाच्या मागे एक शब्द दिलेला होता: तुम्ही वेगळी जागा मागू नका, सामाईक जागेत तुम्हाला बरोबरीने घेऊ. शब्दाची ती बाजू कोणी पाळली, हे विचारण्याचा हक्क आपण सोडलेला नाही.

मग वाटा कुठे मागायचा

पहिली जागा पोलीस भरती. इथे मी माझ्या धंद्याचं बोलणार. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची असते, मराठीत असते, आणि त्यात मराठी व्याकरणाचा वेगळा भाग असतो. उर्दू माध्यमातून दहावी झालेलं आमचं पोरगं मैदानावर पहिलं येतं आणि लिंग-वचन-विभक्तीत गारद होतं. "ती पाणी आणली" असं लिहिणारा मुलगा मूर्ख नसतो. त्याला आठ-दहा वर्षं मराठी नीट शिकवलेली नसते. २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, चांगलं झालं. पण सक्तीबरोबर शिक्षकही द्यावा लागतो. शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते आणि मराठीचा तास गणिताच्या शिक्षकाकडे जातो. अल्पसंख्याकांसाठी पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षणाची सरकारी योजना आहे. ती किती मुलांपर्यंत पोचली, हा प्रश्न शांतता समितीत एकदा तरी विचारला गेला आहे का?

आणि आपल्या लोकांनाही सांगते. मराठी ही "त्यांची" भाषा, असं घरात म्हणत बसाल तर तुम्ही मुलांना पोलीस ठाण्याच्या टेबलाच्या पलीकडे कधीच जाऊ देणार नाही. फिर्याद मराठीत लिहिली जाते, पंचनामा मराठीत होतो, आणि आपण खाली अंगठ्यासारखी सही करतो. उर्दू जपा, मीही जपते, त्यावरच माझं पोट आहे. पण सत्तेचं दार या राज्यात मराठीत उघडतं.

दुसरी जागा वॉर्ड. पाणी, गटार, शाळा, दवाखाना यांचे निर्णय प्रभागात होतात. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाने कारभार चालवला. तेव्हा हिंदू चाळीला खुर्ची नव्हती आणि मुस्लिम झोपडपट्टीलाही नव्हती. हा वाटा मागताना धर्म सांगावा लागत नाही, नळाला पाणी किती वाजता येतं एवढं सांगितलं की पुरतं. शेजारी इथेच सोबत येतो, फुलांच्या बैठकीत नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळ्यांनी दहा दलित माणसं मारली. त्यांच्या आणि आपल्या मागण्या वेगळ्या आहेत का?

तिसरी जागा सत्य. श्रीकृष्ण अहवाल मराठीत आणि उर्दूत स्वस्तात छापून सरकारी ग्रंथालयांत ठेवा. ९७ खटल्यांचं आणि १०८ कुटुंबांचं काय झालं, ते जाहीर करा.

जुन्या जखमा कशाला उकरता, असं म्हणणारे आपल्यातही आहेत. दंगलीनंतर जोगेश्वरी, बेहरामपाडा सोडून मुंब्रा आणि मीरारोडला गेलेली घरं परत आली असती, तर मी गप्प बसले असते. घर भाड्याने घेताना एजंट नाव ऐकून फोन ठेवत नसता, तरी गप्प बसले असते. जखम भरलेली नाही, फक्त वर पट्टी बांधली आहे. कुरआनात दोन गटांत सुलह करा असं सांगताना त्याच दमात इन्साफने करा असं सांगितलं आहे. इन्साफ वगळून फक्त सुलह सांगणारे अर्धीच आयत वाचतात.

म्हणून समितीत बसणाऱ्या आपल्या बांधवांना एक साधी गोष्ट सुचवते. पुढची बैठक होईल तेव्हा चहा जरूर घ्या. पण आधी इतिवृत्त मागा. मागच्या बैठकीत काय ठरलं, त्यातलं काय झालं, काय राहिलं, कोणाच्या जबाबदारीवर आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्या, आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. अधिकारी नाही म्हणाला तर तेही लिहा. ज्या दिवशी त्या कागदावर पहिलं कलम येईल, त्या दिवसापासून ती बैठक तहाकडे जाऊ लागेल. आणि कागदच द्यायचा नसेल, तर फोटोतली आपली जागा रिकामी ठेवून बाहेर या. रिकामी खुर्चीसुद्धा फोटोत दिसते.